गाळा सत्तावीसचं दुसरं दार

१

"ताई, मागं जायाची वाटच न्हाय ऱ्हायली. मधी भिंत घातलीय."

तुळजा हे मला दारात उभी राहून म्हणाली होती. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा. माझी चौदा महिन्यांची रूपा तिच्या कडेवर होती. आमच्या वळ गावातच चार घरं सोडून ती राहायची. रोज सकाळी दोन तास रूपाला सांभाळायची आणि मग बाराच्या शिफ्टला गोदामात पॅकिंगला जायची. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "सांगते धनेशदादांना." वर हेही म्हणाले, की तुझ्या केसातली पिन काढून ठेव, रूपा तोंडात घालेल.

पिनेची काळजी मी केली. भिंतीची नाही केली.

त्यानंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी गाळा नंबर सत्तावीसला आग लागली. आत पुठ्ठा आणि फोम, अकरा बायका कामावर. पेटलं ते पुढच्या शटरपाशीच. सगळ्या सवयीने मागे धावल्या, कारण मागे दार होतं हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. तिथे आता भिंत आहे हे घाईत फक्त तुळजाच्या लक्षात राहिलं. तिने एकेकीला दंडाला धरून उलटी फिरवली, शटरच्या कडेने, धुरातून ढकललं. दहा जणी बाहेर आल्या.

मी रात्री गॅसचा नॉब दोनदा तपासणारी बाई आहे. रूपा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. तुळजा हसायची मला. "ताई, तुमी निस्त्या भिता." एवढी भिणारी मी, आणि जिथे भ्यायला हवं होतं तिथे नाही भ्याले.

२

तीन आठवड्यांनी धनेशदादांनी मला धामणकर नाक्याच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

धनेशदादा म्हणजे आमचे मालक. आमच्याच गावचे, जमीनदार घरातले. भिवंडीच्या आसपासची गोदामं भाड्याने लावून द्यायची हा त्यांचा धंदा. माझ्या बाळंतपणानंतर त्यांनी मला घरून काम करू दिलं, बारशाला चांदीचे वाळे पाठवले. मी त्यांना भाऊ मानत होते, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

टेबलापाशी आणखी दोघं बसली होती. आमच्या वेबसाइटची सगळी यंत्रणा सांभाळणारा भूपेश, आणि फोन घेणारी मेघाली.

दादा शांतपणे म्हणाले की आपली साइट सर्चमधून गेली. पूर्वी कोणी 'वळ गोदाम भाड्याने' टाकलं की आपण सगळ्यांत वर असायचो, आता तिसऱ्या पानावरही नाही. तीन आठवडे फोन थंड आहे. कोणीतरी एका फाईलमध्ये ओळ घालून सर्च इंजिनला साइटची वाट बंद केली. आगीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी बारा वीसला. माझ्या लॉगिनने.

"तुळजा गेली त्या रागात केलंस, मी समजू शकतो," ते म्हणाले. "आपल्या साइटवरचा गाळा, तुझी मैत्रीण. मी पोलिसात जात नाही. राजीनामा दे आणि पोरीला सांभाळ."

मेघाली खाली बघत होती. भूपेश माझ्याकडे.

मी राजीनामा दिला नाही. आठ दिवस मागितले. मला सूड घ्यायचाच असता तर इतका मवाळ घेतला असता का, हा एकच विचार डोक्यात होता.

आता माझं काम काय ते सांगायला हवं. आमच्या साइटवर पूर्वी आधी गाव निवडायचं, मग किती फूट ते निवडायचं आणि बटण दाबायचं. मग त्या क्षणाला गोदामाचं पान तयार व्हायचं. माणसाला हे ठीक आहे. पण सर्च इंजिन जो प्रोग्रॅम पाठवतं तो बटणं दाबत नाही. माझ्या सासूबाईंना, गुणाबाईंना, मी तो मीटर रीडिंगवाल्यासारखा म्हणून समजावला होता. तो कोणाला काही विचारत नाही, गल्ली दिसली की शिरतो, जे दिसतं ते वहीत लिहून घेतो आणि जातो. ज्या घराला गल्लीच नाही ते त्याच्या वहीत नाही. त्यामुळे तीनशे चाळीस गोदामांपैकी एकही सर्चमध्ये नव्हतं. मी प्रत्येक गोदामाला स्वतःचं कायमचं पान दिलं, वाचता येईल असा पत्ता दिला, गावागावाच्या याद्या करून त्यांना जोडलं. सहा महिन्यांत फोन थांबेनासा झाला. दादा सगळ्यांना सांगायचे, आमच्या मृणालीने जादू केली.

आगीपासून मी साइटकडे फिरकले नव्हते. घरी आल्यावर आधी गाळा सत्तावीसचं पान उघडलं. दोन वर्षांपूर्वी ते मीच लिहिलं होतं. चोवीस हजार फूट, अखंड हॉल, दोन दरवाजे. फोटोत मागचं निळं लोखंडी दार.

समोरचं पान म्हणत होतं, बारा हजार फूट, एक शटर. निळं दार कुठेच नव्हतं.

३

गाळ्याचा मालक कागदावर दौलत नावाचा माणूस, धनेशदादांचा मेव्हणा. चौकशीत त्याने सांगितलं होतं की मधली भिंत बांधकामापासूनची आहे, ते मुळात दोन वेगळे गाळे, आणि कामगारांना हे माहीत होतं. भिंत नवी की जुनी हे बघायला भिंत उरली नव्हती. आगीनंतर धोकादायक म्हणून जेसीबीने पाडली. उरलं होतं ते माझं पान, आणि ते बदललेलं.

मेघालीला मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. ती बिचारी आधीच रडवेली. माझा पासवर्ड कोणाला माहीत, असं विचारल्यावर ती चक्क हसली.

"मृणालीताई, कोणाला माहीत नाही ते विचारा."

दसऱ्याला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा केली होती, हळदकुंकू, झेंडूची माळ. तेव्हा पासवर्डची चिठ्ठी देवीच्या फोटोमागे खोचली, हरवू नये म्हणून. माझं लॉगिन पहिलं, म्हणून सगळं ऑफिस तेच वापरतं. मालकापासून टोनर भरायला येणाऱ्यापर्यंत कोणीही फोटो उचलावा आणि वाचावं. तिने एक गोष्ट मात्र सहज सांगितली. त्या शुक्रवारी नाक्यावर दिवसभर लाईट नव्हती. ती साडेदहालाच कुलूप लावून घरी गेली होती.

भूपेशला भेटायला मला जिवावर आलं होतं. आमचं कधी पटलं नाही. 'आईसाहेब घरून राज्य करतात' असं तो माझ्याबद्दल बोलायचा. खरं सांगायचं तर त्याच्यावरच माझा संशय होता, आणि तो खरा निघावा अशी इच्छाही होती.

"शुक्रवारी बारा वीसला मी खारबावला होतो, चुलतभावाच्या हळदीला," असं म्हणून त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. डोक्यावर टोपी, अंगभर हळद, नाचतोय. वर वेळ दिसत होती. "आणि मॅडम, एक सांगू? ज्याने हे केलं त्याला काही येत नाय. अर्धवट माणूस आहे."

"का?"

त्याने माझंच मीटरवाल्याचं उदाहरण मला ऐकवलं. वॉचमनला सांगितलं मीटरवाल्याला आत सोडू नको, तर तो गेटवरून परत जाईल. पण त्याच्या वहीत आधीचं लिहिलेलं आहे, ते वॉचमन खोडू शकतो का? उलट तो नव्याने बघायला येऊच शकत नाही, म्हणून जुनी नोंद तशीच राहते. वर्णन गळून पडतं, ग्राहकाच्या शोधात पान खाली जातं, पण पत्ता राहतो. "मला पान गायब करायचं असतं ना, तर मी साइटला सांगितलं असतं, असं पान नाहीच. आठ-पंधरा दिवसांत साफ."

 त्याचं बोलणं बरोबर होतं, आणि त्यात आणखी काहीतरी होतं, जे मला टोचत होतं पण सापडत नव्हतं.

घरी येऊन साइटमॅप उघडला. सगळ्या पानांची ती यादी, सर्च इंजिनसाठी मीच केलेली. प्रत्येक पानापुढे ते शेवटचं कधी बदललं ती वेळ आपोआप पडते. गाळा सत्तावीस: शुक्रवार, बारा वाजून अकरा मिनिटं.

वाट बंद व्हायच्या नऊ मिनिटं आधी. म्हणजे दोन्ही कामं एकाच हाताची. आणि त्या वेळी मी तुळजाच्या अंगणात होते. तिला तेव्हाच उचलत होते.

४

तुळजाचा नवरा नामा टेम्पो चालवतो. त्या दिवसांत टेम्पो दारातच उभा असायचा. मी गेले तर त्याने रूपाला कडेवर घेतलं. मग म्हणाला, "धनेशशेट लई चांगला मानूस. स्मशानात आले, थोडा उशीर झाला, चितेला अग्नी दिल्यावर पोचले, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे ऱ्हायले."

"काय म्हणाले?"

"म्हनले, नामा, एकच शटर हुतं रे, आपलं नशीब फुटकं."

मी रूपाला परत घेतलं.  दोन वर्षं ज्यांच्या साइटवर हा गाळा दोन दरवाजांचा म्हणून होता, ते चितेपुढे तो एका शटरचा म्हणत होते.

नामाने आतून एक पिशवी आणली. वकिलाने चौकशीतल्या कागदांच्या प्रती दिल्या होत्या, त्याला वाचता येत नव्हत्या. त्यात दौलतने दिलेला एक कागद होता. आमच्या साइटवरच्या गाळा सत्तावीसच्या पानाची छापील प्रत. बारा हजार फूट, एक शटर. बघा, भाड्याने देतानाच आम्ही हे जाहीर केलं होतं, असा पुरावा. म्हणून पान काढून टाकलं नव्हतं तर. त्यांना ते हवं होतं, खोटं करून.

मी कागद टाकणारच होते. पण आई झाल्यापासून मला औषधाच्या बाटलीवरचं सगळ्यांत बारीक अक्षर आधी वाचायची खोड लागली आहे. पान छापलं की कॉम्प्युटर तळाशी आपणहून मुंगीएवढ्या अक्षरांत दोन गोष्टी छापतो. पानाचा पत्ता, आणि छापल्याची वेळ.

वेळ होती शुक्रवार, बारा अठ्ठावीस.

आणि पत्ता, रोमन अक्षरांत, मी दोन वर्षांपूर्वी दिलेला: वळ, गाळा-२७, अखंड-हॉल, दोन-दरवाजे.

५

गोदामाचं पान पहिल्यांदा बनतं तेव्हा त्याच्या मथळ्यावरून पत्ता तयार होतो, अशी सोय मी केली होती. नंतर मथळा बदला, फोटो बदला, पत्ता बदलत नाही. माणूस कपडे बदलतो, घराचा नंबर नाही. नाहीतर सर्च इंजिन चुकतं. फोटो आणि मजकूर बदलणाऱ्याची नजर पत्त्यावर गेलीच नव्हती. बहुतेकांची जात नाही.

मी सर्चमध्ये आमच्या साइटचं नाव आणि 'गाळा २७' टाकलं. एकच ओळ आली. खाली लिहिलं होतं, या पानाची माहिती उपलब्ध नाही. वर पत्ता, अखंड हॉल, दोन दरवाजे. मीटरवाल्याच्या वहीतली नोंद. कागद खोटा म्हणता येईल, ही नोंद आमच्यापैकी कोणाच्या हातातली नव्हती. दुकानात जाऊन मी तिचे फोटो छापून घेतले, तीन प्रती.

आता माणूस. शुक्रवारी बारा अठ्ठावीसला नाक्यावर लाईट नव्हती, म्हणजे कागद ऑफिसात छापलेला नाही. मेघाली घरी, तिच्याकडे छापायचं यंत्र नाही. भूपेश हळदीत, आणि त्याने असली चूक केली नसती. दौलतला मोबाईलवर फोटो पाठवायलाही दुसरा लागतो. तो ती फाईल शोधणार कुठून?

मग ते टोचणारं सापडलं. अर्धवट माणूस, भूपेश म्हणाला होता. अर्धवट म्हणजे ज्याला कोणीतरी अर्धं शिकवलंय.

मी आठव्या महिन्यात होते. रजेवर जायच्या आधी सगळं समजावून जा, म्हणून धनेशदादांनी मला त्यांच्या वळच्या बंगल्यावर बोलावलं होतं. तिथे इन्व्हर्टर आहे, प्रिंटर आहे. ते सगळं एका लाल डायरीत लिहून घेतात, बोललेला शब्दन् शब्द. माझी कंबर मोडून आली होती, रिक्षा दारात थांबली होती. त्या फाईलबद्दल मी घाईत सांगितलं, दादा, इथे ही ओळ कधी घालू नका, मीटरवाला दारातून परत जातो आणि पानं सर्चमधून पुसली जातात.

पहिलं खरं होतं. दुसरं चूक. पुसली जात नाहीत. मी दमले होते आणि सोपं करून सांगितलं. ही चूक मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली.

६

मी सोमवारी ऑफिसात गेले, सकाळी अकराला, मेघाली आणि भूपेश दोघं असताना. रूपाला गुणाबाईंकडे ठेवलं होतं. निघताना त्या म्हणाल्या, "जा, पन हात नको उगारू. त्याला जगू दे नि बगू दे."

मी टेबलावर दौलतच्या कागदाची प्रत ठेवली आणि तळाची ओळ दादांना मोठ्याने वाचायला सांगितली. त्यांनी चष्मा लावला. वाचली नाही.

"पत्त्यात काय असतं," ते म्हणाले. "कोणीही काहीही लिहील."

"दादा, लाल डायरी काढा. मी आठव्या महिन्यात होते त्या दिवसाचं पान. 'पुसली जातात' असं लिहिलंय ना? ते चूक आहे. दोन दरवाजांची जुनी नोंद पुसायची म्हणून साइटची वाट बंद केलीत, आणि ते दार मला आठवतं म्हणून आळ माझ्यावर. हे पुसलं गेलं असं जगात एकालाच वाटलं असेल."

भूपेश उठला. मला वाटलं मालकाची बाजू घेतोय. त्याने खिशातून पेन ड्राईव्ह काढून माझ्यापुढे ठेवला. "दर रविवारी मी सगळ्या साइटची प्रत काढून ठेवतो," तो दादांना म्हणाला. "आगीच्या आधीच्या रविवारची आहे. निळं दार आहे त्याच्यात."

दादांचा चेहरा मी नीट बघितला. मला तो बघायचाच होता, आठ दिवस मी त्यासाठीच तग धरून होते. ते म्हणाले की गाळा खरं तर त्यांचाच आहे, दौलत नावाला. अर्धा भाग दुसऱ्याला द्यायचा होता म्हणून भिंत घातली. आग लागेल असं कोणाला माहीत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मृणाली, लहान पोर आहे तुझी. जपून वाग."

"जपूनच वागतेय," मी म्हणाले. "म्हणून सकाळी साडेनऊलाच कागद देऊन आले. चौकशीत एक, नामाच्या वकिलाला एक. ही तिसरी प्रत तुमची. डायरीत लावून ठेवा."

मेघालीने फोन वाजत असूनही उचलला नाही.

चौकशी पुन्हा उघडली आहे. दौलतने जबाब बदलला, सगळं मेव्हण्याने सांगितलं म्हणून केलं, म्हणाला. कायद्याला जे करायचं ते तो त्याच्या चालीने करेल. माझ्या हातात माझं काम होतं, ते मी केलं. एक पान बांधलं. साधं, बटण नाही, निवडायचं काही नाही, मीटरवाल्याला सरळ आत येता येईल असं. त्यावर तुळजाचा फोटो, निळ्या दाराचा फोटो, दोन्ही कागद, आणि धनेशदादांचं पूर्ण नाव. आज कोणीही ते नाव शोधलं, त्यांच्याकडे गोदाम मागणारा व्यापारी, मुलीला बघायला येणारं स्थळ, की निवडणुकीत तिकीट देणारे, तर सगळ्यांत वर तुळजा येते. एकदा त्यांनी निरोप पाठवला, पान खाली घे, बोलू. मी उत्तर दिलं नाही. माझ्या कामातलं मला सगळं येतं, आणि ते पान मी जिवंत असेपर्यंत वरच ठेवणार आहे.

त्याच पानावर तळाशी एक ओळ माझ्याबद्दलही आहे. तिने मला दहा दिवस आधी सांगितलं होतं आणि मी मान वर केली नव्हती. ती ओळ मात्र बारीक अक्षरात नाही.

रूपा आता चालते. दार दिसलं की ढकलून बघते.

तुमच्या घरातलं कोणी, शेजारची कोणी, तुमचं मूल सांभाळून मग शिफ्टला जाणारी कोणी, असल्या गोदामात कामाला असेल. तिला आज फोन करा. जेवलीस का, ते नंतर विचारा. आधी तिला उठून मागे जायला सांगा, दार हाताने ढकलायला सांगा, आणि ते उघडल्याचा आवाज येईपर्यंत फोन ठेवू नका.